आठवी टेकडी

ह्या शहराच्या टेकड्या सात, असं सगळे सांगतात.
आठवी आम्ही रचतोय.
मुरमाची नाही, दगडाची नाही,
खापरांची.

नदीच्या धक्क्याला मचवे लागतात,
बैतिसकाठचं तेल वखारीत ओतलं जातं
आणि रित्या पोटाचे रांजण
खेचरांच्या पाठीवर चढाला लागतात,
दोन इकडे, दोन तिकडे.
अख्खेच आणायचे. फोडायचे ते वर नेऊन.
का, ते वेरेकुंदसला ठाऊक.
तो कारकून. आडोशाला बसतो,
शेजारी दारूच्या जुन्या रांजणात त्याचा मरवा.

दारूचा रांजण नशिबाचा.
दारू संपली तरी तो संपत नाही,
कुणी त्यात डाळ भरतं, कुणी रोप लावतं.
तेलाच्याला ते भाग्य नाही.
माती तेल पिते, पोटात धरून बसते,
आणि धरून ठेवलेलं सगळंच खवटतं.
राखेनं जात नाही, उकळत्या पाण्यानं जात नाही.
म्हणून घण.

पहिला घाव मानेवर.
मग कान.
मग पोट, ते एका घावात जात नाही.
मोठ्या कपच्या खाली, त्यांच्या पोकळीत बारीक चुरा,
वरून चुना, वास दबावा म्हणून.
चुना डोळ्यात गेला की आम्ही रडतो.
न गेला तरी, त्याच्याच नावावर.

कानांवर कुंभारांची नावं उठवलेली असतात.
मला अक्षर येत नाही,
पण रोज पाहून काही आकार ओळखीचे झालेत,
वाटेवरच्या कुत्र्यांसारखे.
पोटावर शाईनं वजन, व्यापारी, साल.
वखारीत माप कमी भरलं
की खापर आमच्या डोक्यावर.
खापरांना इथे तोटा नाही.
डोक्यांनाही नाही.

गेल्या थंडीत ख्रेस्तेचं मूल गेलं.
ख्रेस्तेचं म्हणजे माझंही.
नाव ठेवायच्या आदल्या रात्री.
इथे फुटक्या कानालासुद्धा नाव असतं.

मी वेरेकुंदसकडे एक रांजण मागितला.
त्यानं पाटी पाहिली. म्हणाला,
ओनेसिमस, तेलाचे सगळे मोजलेले आहेत.
मी घण उचलला आणि वळलो.
मागे काहीतरी उपटल्याचा आवाज आला.
त्यानं मरवा मुळांसकट ओढून काढला होता,
रांजण उपडा करून माती ठोकत होता, रागावल्यासारखा.
हा घे, म्हणाला. हा पाटीवर नाही.

त्या दिवशी मी रांजण फोडला नाही.
कापला.
खांद्याच्या रेघेवर, करवतीनं,
दुपार कलेपर्यंत.
माझ्या हातांना हे जमतं हे मला माहीत नव्हतं.
आत मरव्याचा वास होता.
ख्रेस्तेनं तेवढंच विचारलं,
धुतलास का?
नाही, म्हटलं.
बरं केलंस, म्हणाली.

मग रस्त्याच्या कडेला.
मग पुन्हा घण.

उपटलेला मरवा बरेच दिवस तिथेच पडून होता.
मी त्याला एका फुटक्या तळात खोचला,
चुन्यापासून लांब, टेकडीच्या उतारावर.
खेचरानं शेंडा खाल्ला.
मी खेचराला शिव्या दिल्या,
इतक्या, की बाकीचे थांबून बघायला लागले.

आज संध्याकाळी वेरेकुंदसनं नेहमीसारखं ओरडून विचारलं,
किती फुटले?
चारशे अकरा, मी म्हटलं,
आणि मरव्याला दोन पानं.

लेखणी थांबली.
पानं लिहायची नसतात, तो म्हणाला,
पण उठून उतारापर्यंत आला,
वाकला, बोट लावून वास घेतला,
आणि काही न बोलता
परत जाऊन बसला.

खाली धक्क्याला अजून एक मचवा लागत होता.